बायोडाटातली पाचवी ओळ

देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. दरवर्षी एक तास मी फक्त एकाच कुळातल्या शब्दांवर घेते. फळ्यावर एकाखाली एक लिहिते : वर्क, जॉब, ऑक्युपेशन, ट्रेड, प्रोफेशन, करिअर, व्होकेशन. माणूस पोटासाठी जे करतो त्याला एवढी नावं. मग एकेकाचा स्वभाव सांगते. वर्क सगळ्यांत मोठं, त्यात धुणीभांडीही आली. जॉब म्हटलं की पगार देणारा दुसरा कुणीतरी आहे. ट्रेड म्हणजे हातातलं कसब. प्रोफेशनला लांबलचक शिक्षण लागतं. आणि व्होकेशन म्हणजे ज्याच्यावाचून माणसाला चैन पडत नाही ते. मुलं वहीत उतरवून घेतात आणि उदाहरणं विचारली की डॉक्टर, सैनिक, शिक्षक अशी तीच ती पुस्तकी उत्तरं देतात. मीही समाधानानं खडू खाली ठेवते.

माझं माहेर तिसगावचं. तिथं हे शब्द कधीचे पोचलेत, पण पोचल्यावर त्यांनी आपापला संसार वेगळा थाटलाय. 'सर्व्हिस' म्हणजे सरकारी आणि कायमची. 'जॉब' म्हणजे कंपनीतला, नगरच्या नाहीतर सुप्याच्या एमआयडीसीत, गळ्यात ओळखपत्र अडकवायचा. 'ड्युटी' दोघांनाही असते, आणि ती कुठल्याही लग्नकार्याला न येण्याचं उत्तम कारण असते. ज्याला शटर आहे तो 'बिझनेस', मग आत चार बिस्किटपुडे का असेनात. या सगळ्यात जे बसत नाही ते नुसतं काम. 'पोरगा काय करतो?' असं विचारलं की आई म्हणते, 'काय न्हाई, काम करतो.' त्यातलं 'काय न्हाई' फार वाईट असतं. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत ते मी शंभरदा ऐकलंय, आणि सांगायला लाज वाटते, दोनचारदा मी स्वतःही म्हटलंय.

भाऊ मोटरी भरतो. विहिरीवरची नाहीतर बोअरमधली मोटर जळाली की शेतकरी ती त्याच्याकडे आणून टाकतात. तो आतली जळकी तार काढतो, नवी तांब्याची तार भरतो आणि मोटर परत पाणी ओढायला लागते. बाजाराच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान आहे. बोर्ड रंगवायचा पाच वर्षांपासून राहिलाय, कारण गिऱ्हाईक बोर्ड वाचून येतच नाही. ते जळक्या मोटरी टेम्पोत घालून, डोळे लाल करून येतं, आणि त्याला दुकान बरोबर सापडतं.

त्याची काम करायची एक पद्धत मला फार आवडते. शेतकऱ्याचा फोन आला की तो काय झालंय असं विचारतच नाही. 'फोन मोटरीला लावा,' म्हणतो. मग पलीकडचा माणूस कुठल्याशा विहिरीच्या काठावर वाकून मोबाईल मोटरीजवळ धरतो आणि हा इकडे डोळे मिटून ऐकतो. कधी म्हणतो, 'बेरिंग गेलंय, आत्ता बंद करा.' कधी म्हणतो, 'मोटर चांगली हाय, पानी खाली गेलंय, उगा तिला तरास देऊ नका.' समोर असेल तर मोठा स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक मोटरीला टेकवतो, मूठ कानाला लावतो. डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच, फक्त याची फी कुणी आधी काढून ठेवत नाही. आयटीआयचं एक वर्ष सोडलं तर हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. कानानं शिकला.

असा हा मुलगा एकतिसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाचा राहिला. आमच्या भागात हल्ली त्यात नवल नाही, गल्लीगल्लीत असे पाचसहा घोडनवरे सापडतात. पण आईनं हाय खाल्ली होती. बायोडाटा लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे, कारण घरात इंग्रजी शिकलेली मी. नाव, जन्म, उंची, शिक्षण, आणि पाचवी ओळ 'ऑक्युपेशन'. पहिल्या चार ओळींवर कुणी अडलं नाही. जो अडला तो पाचवीवर.

आधी मी सरळ लिहिलं, मोटर रिवायंडिंग. निरोप आला, 'मेकॅनिकला द्यायची न्हाई.' मग मी 'सेल्फ एम्प्लॉइड' लिहिलं. एका मुलीच्या काकांनी त्याचा अर्थ बेकार असा लावला आणि पुढं बोलणंच खुंटलं. मग 'बिझनेस' लिहिलं, तर एकजण शटर किती फुटी आहे ते बघून गेला. मग 'इलेक्ट्रिकल टेक्निशियन'. दर नकारानंतर मी नवा शब्द काढायची, आणि भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नवा बायोडाटा बघून म्हणायचा, 'ताई, आता मी कोन हाय?' तो हसायचा म्हणून मीही हसायची.

शेवटी मामांनी मनावर घेतलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, सोयरिकी जुळवण्यात तरबेज. त्यांनी एमआयडीसीतल्या एका ठेकेदाराला गाठलं आणि भावासाठी जागा ठरवली. येत्या सोमवारी हजर व्हायचं, हुद्दा सुपरवायझर. पगार दुकानातल्या कमाईच्या निम्मा. मामांचं गणित सोपं होतं. 'लगीन होऊस्तर कर. नंतर कोन इचारतंय?' असं बऱ्याच घरांत केलं होतं. दुकान तोवर बंद ठेवायचं. दुकान एकदा बंद झालं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि परत येत नाही, हे भावाला माहीत होतं. तो आईकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'बरं.' त्या एका शब्दात त्याचं सगळं दुकान गेलं. मी पाचव्या ओळीत 'सुपरवायझर, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी' असं लिहिलं आणि चार दिवसांत जामखेडकडून बोलावणं आलं.

शनिवारी आम्ही गाडी करून गेलो. मी, आई, मामा आणि भाऊ. आईनं त्याचा नवा शर्ट दोनदा इस्त्री केला होता. गाडीत मी त्याला पढवत होते. कंपनीत किती माणसं हाताखाली आहेत, शिफ्ट कशी असते, असं काही विचारलं तर काय सांगायचं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्याचा टेस्टर दिसत होता. मी तो काढून पर्समध्ये टाकायला गेले तर म्हणाला, 'ऱ्हाऊ दे की, ताई.' मी राहू दिला.

मुलीचं घर गावाबाहेर शेतातच होतं. पुढं ओटा, ओट्यासमोर कांद्याचे वाफे आणि घरापासून तीसेक पावलांवर विहीर. विहिरीवरची मोटर चालू होती. आम्हाला ओट्यावर सतरंजीवर बसवलं. मुलीचे वडील शेतकरी, शांत बोलणारे, डोक्याला टॉवेल. मुलगी पोहे घेऊन आली आणि खाली बसली. सावळी, उंच. मान खाली न घालता सगळ्यांकडे बघत होती, हे मला जरा जास्तच वाटलं. आईला ती तिथंच आवडली, हे मला आईच्या पदर सावरण्यावरून कळलं.

नाव, शिक्षण झालं. मुलीचे वडील भावाला म्हणाले, 'कंपनीत काय बनतं मग?' आणि त्याच वेळी विहिरीवरच्या मोटरीचा आवाज बदलला.

मला तो बदल आत्ता लिहिताना कळतोय. तेव्हा मला फक्त भावाचा चेहरा दिसला. त्याची मान विहिरीकडे वळली, हातातला चमचा पोह्यात तसाच राहिला. तो उठायला लागला. मला वाटलं, संपलं, आता हा जाऊन मोटर उघडून बसणार आणि पाचव्या ओळीचा बोऱ्या वाजणार. मी शेजारीच होते. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच दाबला. तो बसला. 'पार्ट बनत्यात, गाड्यांचे,' तो म्हणाला, मी शिकवल्याप्रमाणं. मोटरीचा आवाज घुमल्यासारखा खाली खाली जात होता. तो पुन्हा उठू बघत होता, तरी मी हात काढला नाही. मामांनी कंपनीच्या बसची माहिती सांगायला घेतली. मग वास आला. रबर जळल्यासारखा उग्र वास.

भाऊ माझा हात झिडकारून उठला आणि अनवाणी पळत सुटला. आम्ही पोचलो तोवर त्यानं खांबावरच्या पेटीतला मेन स्विच पाडला होता. मोटरीतून धूर निघत होता. स्टार्टरच्या हिरव्या बटनात बाभळीची काडी खोचून बसवली होती, आणि बिघाड झाला की मोटर बंद करणाऱ्या आतल्या रिलेच्या वायरी काढून सरळ जोडलेल्या. आमच्याकडे हा उद्योग घरोघरी चालतो. लाईट जाऊन परत आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, विहिरीपर्यंत हेलपाटा नको, म्हणून बटन काडीनं दाबून ठेवायचं. मग विजेच्या तीन तारांपैकी एकीचा प्रवाह, म्हणजे एक फेज, गेली तरी मोटर बंद पडत नाही. कण्हत राहते आणि जळते.

भावानं खिशातला टेस्टर काढला, एकेक वायर तपासली आणि काडी ओढून माझ्या पायाशी टाकली. मग मुलीच्या वडिलांना म्हणाला, 'काका, पाने हायेत का घरात? बारा-तेरा, चौदा-पंधरा?' मुलगीच पळत जाऊन पान्यांची पिशवी घेऊन आली. तो नव्या शर्टानिशी ओल्या मातीत बसला आणि मोटर खोलायला लागला. वडील नुसते बघत होते.

'पाव्हनं, तुमी कंपनीत ना?' ते म्हणाले.

'न्हाई,' भाऊ म्हणाला. 'मी मोटरी भरतो. तिसगावला दुकान हाय.'

'कंपनीत बी हाय, सोमवारपासनं,' मामा घाईनं म्हणाले, आणि ते ऐकताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

वडील रागावले नाहीत. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, 'बाई, आमाला कागदावर येगळं लिवून दिलंत.' मी मान खाली घातली. ओट्यावरचे चहाचे कप कुणीतरी उचलून आत नेले. बैठक मोडली होती.

भावाला यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे. शेवटचा नट काढून त्यानं विचारलं, 'कांद्याला पानी कवा हाय?'

'परवा पाळी हाय,' मुलगी म्हणाली.

'मग परवा दुपारी मोटर मिळंल. न्यायला या.' आणि त्यानं ती धुरकटलेली मोटर मामांच्या मदतीनं आमच्या गाडीत चढवली, ती बरोबर माझ्या पायापाशी.

परतीच्या वाटेवर पाथर्डी आली. आई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. जळक्या वासानं डोकं उठलं होतं. मग भाऊ पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाला, 'ताई, पयल्या आवाजालाच उठलो अस्तो तर वाचली अस्ती.' थोड्या वेळानं म्हणाला, 'तू हात ठिवलास.' आणि मग, 'सोमवारी मी जात न्हाई.' मामा त्याला बरंच काही बोलले.

मी रविवारी सासरी जाणार होते. गेले नाही. सकाळीच त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. तो जळालेली वेटोळी तशीच उपटून टाकत नाही. आधी एक वेटोळं काढून त्याचे वेढे मोजतो, तारेची जाडी मापतो आणि पत्र्यावर खडूनं लिहितो. एक वेढा चुकला तर मोटर गरम राहील, म्हणाला. मग लाकडी साच्यावर नवी तार गुंडाळत बसला. तोंडानं आकडे चालू, मध्ये दोघंतिघं येऊन राम राम करून गेले तरी आकडा चुकला नाही. मग ती वेटोळी मोटरीच्या खाचांमध्ये बसवताना त्याची बोटं अशी हलत होती की मला आमच्या आईची शेवया वळणारी बोटं आठवली. तारेच्या वरचं वार्निश कुठं खरवडलं जाऊ नये म्हणून त्यानं नखं कापलेली होती. मी आजवर समजत होते की त्याला नखं खायची सवय आहे.

खरं सांगते, मला त्याचा इतका अभिमान वाटला की स्वतःचा राग आला. मी दरवर्षी फळ्यावर 'व्होकेशन' लिहून डॉक्टरांची उदाहरणं घेत होते आणि माझ्या घरात हा बसला होता. सोमवारी मी शाळेत रजा टाकली. वार्निश दिलेली मोटर त्यानं सकाळभर उन्हात वाळवली. त्याच दिवशी तो कंपनीत हजर व्हायचा होता. दोनदा ठेकेदाराचा फोन आला, त्यानं उचलून नीट सांगितलं की येत नाही.

दुपारी मुलीचे वडील पिकअप घेऊन आले. बरोबर मुलगीही होती. मला आश्चर्य वाटलं, कारण मोडलेल्या सोयरिकीत मुलगी मुलाच्या दारात येत नसते. आई दुकानामागच्या घरातून बघत होती, तिनं घाईनं चहा ठेवला. मुलगी सरळ भावासमोर जाऊन उभी राहिली.

'काडी मीच खोसली हुती,' ती म्हणाली. 'घरची मोटर मीच बघते. आबांच्या गुडघ्याला झेपत न्हाई. का जळाली ते मला बघायचंय.'

भावानं जळकी वेटोळी जपून ठेवली होती. ती त्यानं तिच्यासमोर मांडली. 'ही दोन काळी झालीत, ही एक तशीच पिवळी. एक फेज गेली, तिचा भार या दोघींवर आला. काडी नस्ती आन रिले अस्ता तर मोटर आपनहून बंद झाली अस्ती.' तिनं ते एकेक हातात घेऊन पाहिलं. मग इतके प्रश्न विचारले की माझ्या वर्गात कुणी वर्षभरात विचारत नाही. रिले कसा जोडायचा, फेज गेली हे लांबून कसं ओळखायचं, आवाज नेमका कसा होतो. भाऊ शनिवारी ओट्यावर चार वाक्यं बोलला होता. इथं तो थांबेना. वडील खुर्चीवर बसून चहा पीत दोघांकडे आळीपाळीनं बघत होते, आणि कप रिकामा झाल्यावरही त्यांनी तो खाली ठेवला नाही.

मोटर भरून झाली होती, फक्त चालवून बघायची होती. भावानं वायरी जोडल्या, बटन दाबलं. मोटर सुरू झाली, एकसारखी, मऊ. त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकलं, मान हलवली आणि मग तो तिच्या हातात दिला. तिनं मूठ कानाला लावली. डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

नंतर ती माझ्याकडे आली. मोबाईलवर मी पाठवलेला बायोडाटा उघडला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.

'ताई, तुमी इंग्रजीच्या बाई ना?'

'हो.'

'मग हे सगळं कागदावर का न्हवतं?' तिनं दुकानाकडे, तारांकडे, पत्र्यावरच्या खडूच्या आकड्यांकडे हात केला.

फळ्यावरचे सातही शब्द मला पाठ होते. एकही पुढं आला नाही. शनिवारी ज्या हातानं मी भावाला खाली बसवलं होतं तो हात मी पदरात लपवला. मग जे खरं होतं ते सांगितलं.

'मला लाज वाटत होती.'

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, पण सोडूनही दिलं नाही.

'मला न्हाई वाटायची,' ती म्हणाली, आणि परत ऐकायला म्हणून भावाकडून तो स्क्रूड्रायव्हर मागून घेतला.